नंबर वेगळा, नेट वेगळं: आई-वडील तीन महिने जर्मनीला निघालेत, फोनचं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, आई गृहिणी. दोघं शहापुरातनं पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेत, तुमच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी फ्रायबुर्गला, मुंबईहून दुबईमार्गे, जवळजवळ ९० दिवस. वडिलांकडं बटणांचा साधा फोन आहे आणि पेन्शनच्या खात्याला तोच नंबर जोडलेला आहे. आईंकडं अँड्रॉइड फोन आहे. तुम्ही विचारता, “कंपनीचा परदेशी रोमिंग पॅक मारू, की तिथं गेल्यावर जर्मन सिम घ्यायला सांगू?”

मी २२ वर्षं बेळगावात मोबाईलच्या धंद्यात आहे. आखातात नोकरीला जाणारी खानापूर-निपाणीकडची मुलं, एमएस करायला जाणारे इंजिनिअर आणि तुमच्या आई-वडिलांसारखे नातवंडं बघायला निघालेले, अशा सगळ्यांचे फोन लावून दिलेत. त्यावरून सांगतो, ‘हे की ते’ असा हा प्रश्नच नाही. फोनमध्ये दोन गोष्टी असतात, एक तुमचा नंबर आणि दुसरी तुमचं नेट. आपल्याकडं दोन्ही एकाच सिममधनं येतात म्हणून ती एकच वाटतात. देश सोडताना ती वेगळी करायची. नंबर इथलाच आणि जिवंत ठेवायचा, नेट तिथलं घ्यायचं. एवढं ठरवलं तर रोमिंगचा मोठा पॅकही लागत नाही आणि भारतातलं सिम काढून खिशात ठेवायची चूकही होत नाही.

तसं बघितलं तर आपल्या सीमाभागातल्या माणसाला रोमिंग नवीन नाही. पाहुण्यांकडं शिनोळीला गेलं की फोन महाराष्ट्राच्या टॉवरवर जायचा आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. कोगनोळी ओलांडून कागलकडं गेलं की तेच. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तरी तेच, कारण दूरसंचारच्या नकाशात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो. आपण तेव्हा काय करायचो? मिस्ड कॉल द्यायचा आणि पोचल्यावर लँडलाइनवरून बोलायचं. देशातलं हे रोमिंग २०१६-१७ च्या सुमारास कंपन्यांनी एकेक करून काढून टाकलं. परदेशी रोमिंगची जात मात्र अजून तीच आहे: फोन आपोआप परका टॉवर धरतो आणि मीटर तुमच्या नकळत चालू होतो. वडिलांना हे याच भाषेत समजावा, लगेच कळेल.

आता नंबराकडं येऊ. माझ्या मते यात सगळ्यात मोठी जोखीम इथंच आहे आणि याकडंच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

मोबाईल नंबरावरचा हक्क वहिवाटीसारखा असतो. वापर थांबला की हक्क जातो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा नियम असा की प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून आणखी ३० दिवस मुदत मिळते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो नव्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे वडिलांच्या खात्याचे मेसेज कुणा तिऱ्हाइताच्या फोनवर जाऊ शकतात. त्यांचा नंबर आधारला जोडलेला असेल तर आधारचे ओटीपीही तिकडंच.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा कुवेतला होता. तिथलं सिम घेतल्यावर त्यानं इथलं सिम पाकिटात ठेवून दिलं. दोन वर्षांनी सुट्टीला आला तेव्हा नंबर दुसऱ्याच्या नावावर होता. बँकेत गेला तर जुन्या नंबरावर ओटीपी आल्याशिवाय काही बदलेना, शाखेत अर्ज द्या म्हणाले. आधारचा नंबर बदलायला केंद्रावर रांग. महिन्याच्या सुट्टीतले ११ दिवस त्यात गेले. आई आजारी होती म्हणून तो आला होता. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो, “इथलं सिम कुठं ठेवणार?” उत्तर एकच असलं पाहिजे: चालू फोनमध्ये.

दुसरी गोष्ट, तुमच्या तारखा बघा. आपल्याकडं बहुतेक लोक ८४ दिवसांचा रिचार्ज मारतात. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक पर्यटक व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. निघायच्या दिवशी ८४ चा रिचार्ज मारलात तर शेवटच्या ६ दिवसांत व्हॅलिडिटी संपलेली असेल, आणि नेमके त्याच दिवसांत परतीच्या तिकिटाचे, कार्डाचे, बँकेचे मेसेज येतात. म्हणून वडिलांच्या नंबराला सरळ ३६५ दिवसांचा पॅक मारा. त्यात नेट असायची गरज नाही. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला लावले, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असते. आपल्या वडीलधाऱ्यांना याचा खरा उपयोग आहे. दुकानदार स्वतःहून दाखवेलच असं नाही, मागून घ्या.

मग ‘इंटरनॅशनल रोमिंग’ चालू करा. इथं गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. बटणं दोन आहेत. एक कंपनीकडं असतं: तुमच्या नंबराला परदेशी टॉवर धरायची परवानगी. ते कंपनीच्या ॲपमधनं किंवा स्टोअरमधनं चालू करायचं. दुसरं फोनमध्ये असतं, त्याचं नाव ‘डेटा रोमिंग’. भारतीय सिमसाठी पहिलं चालू आणि दुसरं बंद. अशी जोडी लावली की सिम जर्मनीतला टॉवर धरतं, एसएमएस येतात आणि नेटचा मीटर फिरत नाही. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. पैसे लागतात ते उचललेल्या कॉलला, पाठवलेल्या एसएमएसला आणि नेटला. मात्र परवानगी चालू करायला काही कंपन्या एखादा लहान पॅक घ्यायला लावतात. तसं असेल तर सगळ्यात लहान घ्या. ९० दिवस भरून काढायला मोठे पॅक एकामागून एक मारायची काहीच गरज नाही.

आता वडिलांचा साधा फोन. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये बंद झालं, पण २जी अजून चालू आहे, त्यामुळं साधा २जी फोन तिथं रेंज धरेल. हाच फोन घेऊन सिंगापूरला, जपानला किंवा ऑस्ट्रेलियाला गेले असते तर खेळणं झालं असतं, तिथं २जी कधीच बंद झालंय. ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर २०२४ पर्यंत ३जीही गेलं. तरीसुद्धा मी म्हणेन, साधा फोन नेऊ नका. त्याला वेगळा चार्जर, वेगळी सांभाळ, आणि ओटीपी आला की तो बघून दुसऱ्या फोनवर टाकायची धावपळ. ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते. वडिलांना एक बेताचा दोन सिमचा स्मार्टफोन घ्या आणि नंबर त्यात हलवा. हे निघायच्या किमान महिनाभर आधी करा, म्हणजे हात बसेल. विमानात बसायच्या आदल्या दिवशी नवा फोन हातात दिलेले काका मी बघितलेत. उतरल्यावर त्यांना कॉल कसा उचलायचा तेच आठवेना, आणि मुलगी बाहेर वाट बघत होती.

नंबर हलवताना एक अडचण येईल. जुन्या बटणाच्या फोनातलं सिम मोठ्या आकाराचं असतं, नव्या फोनला नॅनो सिम लागतं. कुणी कात्रीनं किंवा कटरनं कापून देतो म्हणाला तर देऊ नका. जुन्या सिमची चिप मोठी असते, कापताना धक्का लागला तर सिम गेलंच. कंपनीच्या स्टोअरमधनं त्याच नंबराचं नवं सिम घ्या. पण सिम बदललं की फसवणूक टाळायला पहिले २४ तास त्या नंबराचे एसएमएस, येणारे आणि जाणारे दोन्ही, बंद ठेवतात. ओटीपी येणार नाही. म्हणूनही हे काम महिनाभर आधीच. प्लास्टिकच्या सिमचं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनातच उतरवायचं सिम, करून घेतलं तरी हाच नियम.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. बेळगावातल्या कितीतरी लोकांकडं महाराष्ट्र सर्कलचे नंबर आहेत. कुणी कोल्हापूरला शिकताना घेतलेला, कुणी चंदगडला, कुणी पुण्यात नोकरीला असताना. वडिलांचा नंबर तसा असेल तर सिम बदलायला सहसा त्या सर्कलच्या स्टोअरलाच जावं लागतं. बेळगावच्या स्टोअरमधनं परत पाठवलेले लोक माझ्याकडं येतात आणि मग आम्ही त्यांना गडहिंग्लज किंवा कोल्हापूरची वाट दाखवतो. वडिलांना आधार घेऊन स्वतः जावं लागेल. निपाणी-कोल्हापूरकडं काही कामानं जाणार असाल तर त्याच फेरीत हे उरका. आणि नंबर कर्नाटक सर्कलचा असेल तर कंपनीचे काही मेसेज कन्नडमध्ये येतात. वडिलांना कन्नड वाचता येत नसेल तर आत्ताच कस्टमर केअरला सांगून भाषा बदलून घ्या. परक्या देशात ‘तुमची व्हॅलिडिटी संपतेय’ हा मेसेज वाचता आला पाहिजे.

वडिलांचा नंबर ई-सिम करावा का, असं तुम्ही विचाराल. तरुणांना मी करा म्हणतो, वडीलधाऱ्यांना नाही. फोन पडला, बिघडला तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येतं, मुलगीसुद्धा घालून देईल. ई-सिम दुसऱ्या फोनात न्यायला कंपनीची सगळी पायरी पुन्हा चढावी लागते आणि ती चढताना बहुतेक वेळा त्याच नंबरावर मेसेज येतो, जो फोन बिघडलाय त्याच्यावर. भारतातलं सिम प्लास्टिकचं आणि परदेशातलं नेट ई-सिमवर, वडीलधाऱ्यांसाठी ही वाटणी मला सगळ्यात निर्धोक वाटते. सिमच्या खणाची पिन आईंच्या पर्समध्ये ठेवा. तिथं रविवारी दुकानं बंद असतात, पिनही मिळत नाही.

यूपीआयचं ॲप वडिलांच्या नव्या फोनात घालायचं असेल तर इथंच घालून, एकदा पैसे पाठवून बघा. नोंदणी होताना ॲप तुमच्या सिममधनं एक एसएमएस पाठवतं. परदेशातनं तो बऱ्याचदा जातच नाही, गेला तर पैसे लागतात. एकदा चालू झाल्यावर तिथं ॲप काढू नका, फोन रिसेट करू नका, सिमचे खण बदलू नका. व्हॉट्सॲपलाही हेच लागू. जर्मन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप विचारतं, नवा नंबर वापरायचा का? ‘नाही’ म्हणायचं. जुन्याच नंबरावर सगळं चालू राहतं. दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग ॲप नोंदणीच्या सिमशी जोडलेलं ठेवण्याचे आदेशही काढलेत, म्हणजे सिम फोनातच ठेवायला आणखी एक कारण.

पेन्शनचं एक बघून घ्या. हयातीचा दाखला द्यायचा महिना या तीन महिन्यांत येतोय का? २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला द्यायचं ॲप आहे, पण त्यातही आधार आणि ओटीपी लागतोच. तारीख जवळ असेल तर आपल्या पेन्शन कार्यालयात विचारून, शक्य असेल तर निघण्याआधीच हे काम संपवा.

नंबर सुरक्षित झाला. आता नेट, आणि हे तुलनेनं सोपं आहे.

तुमच्या बहिणीच्या घरी वाय-फाय आहे. आई-वडिलांचा दिवसाचा बराच वेळ घरात, बाळाजवळ जाणार. व्हिडिओ कॉल, कीर्तन, बातम्या सगळं वाय-फायवर होईल. बाहेरचं नेट लागणार ते ट्राममध्ये, बागेत, डॉक्टरकडं जाताना, चुकामूक झाली तर. त्याला थोडकं नेट पुरतं. म्हणून ‘अनलिमिटेड’च्या जाहिरातींना भुलू नका. मी सुचवेन, आईंच्या फोनात पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतं युरोपचं लहान ई-सिम, आणि नंतर बहिणीसोबत दुकानात जाऊन जर्मन प्रीपेड. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, पासपोर्ट लागतो. काही कंपन्या कॅमेऱ्यासमोर व्हिडिओवर पडताळणी करतात, त्यात इंग्रजी किंवा जर्मन बोलावं लागतं. बहीण शेजारी असलेली बरी. उतरल्या उतरल्या, अठरा-वीस तासांच्या प्रवासानं थकलेल्या माणसांना विमानतळावरच्या सिमच्या काउंटरसमोर उभं करू नका. तिथं भावही चढे असतात.

आईंच्या फोनात ई-सिम चालतं का, हे दहा सेकंदांत कळतं. फोनवर *#०६# दाबा. येणाऱ्या नंबरांत ‘ईआयडी’ नावाचा लांब नंबर दिसला तर चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या मॉडेलपासून आहे, अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनांत बरेचदा, स्वस्त फोनांत क्वचित. नसेल तर दुसरा सिम-खण बघा. आपल्याकडच्या पुष्कळ फोनांत तो खण जोडीचा असतो, एकतर सिम किंवा मेमरी कार्ड. आईंच्या कार्डात लग्नाचे, देवस्थानाचे फोटो असणार. ते आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, नाहीतर तिथं सिमसाठी कार्ड निघेल आणि इकडंतिकडं हरवेल. माझ्या डोळ्यासमोर हे घडलंय आणि त्या बाई फोटोंसाठी रडल्यात, म्हणून आवर्जून लिहितोय.

ई-सिम कुठनं घ्यायचं? परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्यामुळं जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधनं काढली गेली होती. त्यामुळं परवाना असलेल्या इथल्या विक्रेत्याकडनं घ्या. विकत घेतल्यावर एक क्यूआर कोड येतो. तो त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर स्कॅन कसा करणार? तुमच्या फोनवर उघडा किंवा कागदावर छापून घ्या. स्कॅन घरीच, चांगल्या वाय-फायवर करा, कारण ई-सिम उतरवायला नेट लागतं. बहुतेक पॅकची मुदत तिथला टॉवर धरल्यावर सुरू होते, पण काहींची स्कॅन केल्याबरोबर सुरू होते. तेवढी ओळ वाचून घ्या. आणि एकदा बसवलेलं ई-सिम ‘नको’ म्हणून पुसू नका, तोच कोड दुसऱ्यांदा बहुधा चालत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, जिच्यामुळं मला अर्ध्या रात्री फोन येतात: “ई-सिम घेतलं, रेंज दिसते, नेट चालत नाही.” कारण प्रवाशांचं ई-सिम हेच मुळात रोमिंगवर चालतं. ते बऱ्याचदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि जर्मनीत पाहुणं म्हणून फिरतं. म्हणून त्याचं ‘डेटा रोमिंग’ चालू पाहिजे. भारतीय सिमचं बंद, ई-सिमचं चालू. दोन सिम, दोन वेगळी बटणं. शिवाय ‘मोबाईल डेटा’साठी ई-सिम निवडा आणि एका सिमची रेंज गेली की आपोआप दुसऱ्याचं नेट वापरायची जी सोय फोनात असते ती बंद करा. ती चालू राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. सेटिंगच्या त्या पानांचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा.

युरोपात फिरायला गेले तर? युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशाविना चालतं. जर्मन सिम घेऊन स्ट्रासबुर्गला, म्हणजे फ्रान्समध्ये गेलं तरी चालेल. पण फ्रायबुर्गहून सगळे जवळच्या बाझेलला जातात, राईनचा धबधबा बघायला जातात, आणि ते स्वित्झर्लंड आहे. स्वित्झर्लंड संघात नाही, तिथं हा नियम लागू नाही. कॉन्स्टान्ससारख्या सीमेवरच्या गावात तर जर्मनीत उभं असताना फोन स्विस टॉवर धरतो. शिनोळीच्या नाक्यावर जे होतं तेच. सहलीच्या दिवशी एकतर नेट बंद ठेवा किंवा स्वित्झर्लंड धरून असलेलं ई-सिम घ्या. ब्रिटनही आता या नियमात नाही.

दुबईत थांबा आहे त्याबद्दल. विमानतळावर मोफत वाय-फाय मिळतं, व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण व्हॉट्सॲप कॉल अमिरातीत चालत नाही. आईंनी कॉल लावला, लागला नाही की त्या घाबरतील, इकडं तुम्ही घाबराल. आधीच ठरवा: दुबईत फक्त आवाजाचा मेसेज पाठवायचा, “पोचलो, पुढच्या विमानाची वाट बघतोय.” तो जातो. कुणी व्हीपीएन, म्हणजे आपण कुठनं नेट वापरतोय ते लपवणारं ॲप, टाकून देतो म्हणालं तर नको म्हणा. अमिरातीत गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरल्यास दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो. अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी त्या वाटेला जायचंच नाही. तिकडं नोकरीला असलेली आपली मुलं बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात.

विमानात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवायचा, हे शिस्तीसाठी आहेच, पैशासाठीही आहे. काही विमानांत आणि क्रूझच्या जहाजांवर स्वतःचं उपग्रहाचं मोबाईल नेटवर्क असतं. रोमिंग चालू असलेला फोन ते धरतो आणि ते साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी महाग पडतं, साध्या पॅकमध्ये बहुधा बसतही नाही.

बोलण्याचं काय? निघण्याआधी दोन्ही फोनांतले सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. शून्य दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं. हे कंटाळवाणं काम आहे, पण जर्मन सिमवरून नुसता दहा आकडी नंबर लावला तर तो जर्मनीत शोधला जातो. एका संध्याकाळी नातवाला बसवून उरकून घ्या. घरच्या ग्रुपवर मेसेज टाका की अमुक तारखेपासून साधा फोन करू नका, व्हॉट्सॲपवरच करा. येळ्ळूर-कंग्राळीकडचे नातेवाईक सवयीनं साधा कॉल लावतील, वडील सवयीनं उचलतील, आणि उचललेल्या प्रत्येक मिनिटाला पैसे लागतील. कॉल फॉरवर्डिंग चालू असेल तर तेही इथनं निघतानाच ##००२# दाबून काढून टाका. परदेशात न उचललेला कॉल फॉरवर्ड झाला तर त्याचे पैसे लागू शकतात. वाय-फाय कॉलिंगची सोय परदेशी वाय-फायवर काही कंपन्या देतात. मिळाली तर वापरा, पण तिच्या भरवशावर बेत आखू नका.

घड्याळाचं सांगतो, कारण त्यावरून रुसवे होतात. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं असते आणि हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदल होतो. फोन आपोआप जुळवून घेतो, वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ नाही. आपल्याकडं रात्री साडेदहा म्हणजे तिकडं संध्याकाळ, चहाजेवणाच्या मधली वेळ. तीच बोलायला चांगली.

आणीबाणीचा नंबर तिथंही ११२ आहे, आपल्यासारखाच. पण २००९ पासून जर्मनीत सिम नसलेल्या फोनवरून तो लागत नाही. फोनात चालू सिम पाहिजेच, हेही कारण आहे. फ्रायबुर्गचा नकाशा गुगल मॅप्समध्ये आधी उतरवून ठेवा, बहिणीचं घर त्यात खुणेनं टाका, आणि भाषांतराच्या ॲपमध्ये जर्मन व मराठी दोन्ही उतरवा. शिवाय बहिणीचा पत्ता आणि नंबर जर्मन अक्षरांत कागदावर लिहून दोघांच्या खिशात द्या. बॅटरी संपलेल्या फोनपेक्षा कागद कामाला येतो.

फसवणुकीबद्दल वडिलांना एकच वाक्य पाठ करून द्या: ट्राय कुणाला फोन करत नाही. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार’ असे कॉल येतात, आणि परदेशात, नंबराची काळजी लागलेल्या माणसाला ते खरे वाटतात. तसा कॉल आला तर ठेवून द्यायचा आणि तुम्हाला व्हॉट्सॲप करायचं. १९३० हा सायबर मदतीचा छोटा नंबर परदेशातनं लावायच्या भानगडीत पडू नये, तक्रार तुम्हीच इथनं करायची.

येताना सामानात काय आहे तेही विचारून घ्या. जावई डोंगरात फिरणारे असतील तर त्यांच्याकडं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं हातातलं यंत्र असू शकतं, आणि ते कौतुकानं सासऱ्यांना देतील. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन आणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असंच यंत्र बाळगलेल्या परदेशी प्रवाशाला अटक झाली होती. आपले निम्मे लोक गोव्यावरूनच ये-जा करतात, म्हणून लिहिलं.

निघायला अजून पाच आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलंय. या आठवड्यात सिम बदलून घ्या, पुढच्या आठवड्यात वर्षाचा रिचार्ज आणि रोमिंगची परवानगी. तीन दिवस राहिले की ई-सिम बसवा, पण त्याचं नेट चालू करू नका. फ्रायबुर्गला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, वडिलांना बँकेच्या ॲपमधनं एक ओटीपी मागवायला सांगा. पाच मिनिटांत आला नाही तर फोन बंद करून चालू करा. तरीही नाही आला तर नेटवर्क आपोआप न निवडता यादीतला दुसरा जर्मन टॉवर हातानं निवडायचा, बऱ्याचदा तेवढ्यानं सुटतं. त्या साध्या फोनात दुसरं सिम घालून तुम्ही तो घरी चालू ठेवा. दूधवाला, गॅसवाला आणि वडिलांचे पलटणीतले जुने दोस्त यांना तो नवा नंबर देऊन ठेवा, म्हणजे त्यांचे फोन जर्मनीत वाजणार नाहीत.